अमेरिकेतील लष्करी अकादमींचे उन्हाळी कार्यक्रम आणि कॅम्पस भेटी : मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत वाढणारा मुलगा किंवा मुलगी दहावी-अकरावीत वेस्ट पॉइंट किंवा ॲनापोलिस येथील लष्करी अकादमीचे नाव घेऊ लागते, तेव्हा बहुतेक मराठी घरांत पहिला प्रश्न असा येतो की हे कॉलेज आहे की सैन्यभरती. आमच्या घरातही तो आला होता. ओळखीच्या वर्तुळात या वाटेने गेलेले कोणीच नसल्यामुळे उत्तरे तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. मुलीच्या उन्हाळी कार्यक्रमांच्या अर्जांतून आणि कॅम्पस भेटींतून जे कळत गेले, ते क्रमाने येथे मांडले आहे. मुदती, शुल्क आणि नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे तारखा संबंधित अकादमीच्या संकेतस्थळावरूनच पक्क्या कराव्यात आणि या लेखाचा उपयोग कामांचा क्रम लावण्यासाठी करावा.

१. अकादमी म्हणजे काय, हे घरात सर्वांना समजावून घ्या

संघराज्य सरकारच्या अशा पाच अकादमी आहेत. भूदलाची न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी वेस्ट पॉइंट येथे १८०२ पासून आहे, नौदलाची मेरिलँडमधील ॲनापोलिस येथे १८४५ पासून, तर हवाई दलाची १९५४ साली स्थापन झालेली अकादमी कोलोरॅडो स्प्रिंग्सजवळ आहे. तटरक्षक दलाची कनेक्टिकटमधील न्यू लंडन येथे आणि व्यापारी नौवहनाची न्यूयॉर्कमधील किंग्ज पॉइंट येथे आहे. भारतातील नातेवाईक लगेच खडकवासल्याच्या एनडीएशी तुलना करतात, पण रचना वेगळी आहे. एनडीएत तिन्ही दलांचे कॅडेट एकत्र शिकतात आणि नंतर आपापल्या दलाच्या प्रशिक्षण संस्थेत जातात; अमेरिकेत प्रत्येक अकादमी हे स्वतंत्र चार वर्षांचे पदवी महाविद्यालय असून तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी सहसा थेट अधिकारी होतो. शिक्षण, निवास आणि भोजन यांचा खर्च सरकार करते. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या अकादमींतून पदवी घेतल्यावर किमान पाच वर्षांची सक्रिय सेवा बंधनकारक असते. फी नाही, एवढ्यावरच खूश होणाऱ्या पालकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

उन्हाळी कार्यक्रम हे या जीवनाची आठवडाभराची ओळख करून देणारे असतात. अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ते असतात आणि त्यांत भाग घेतल्याने कोणतेही सेवाबंधन येत नाही. वेस्ट पॉइंटच्या कार्यक्रमाला समर लीडर्स एक्स्पीरियन्स म्हणतात, नौदल आणि हवाई दल यांच्या अकादमी समर सेमिनार घेतात आणि तटरक्षक दलाच्या सप्ताहाला एम (AIM) असे संक्षिप्त नाव आहे. त्याहून लहान वर्गांतील मुलांसाठी नौदल अकादमी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उन्हाळी शिबिर घेते. पण प्रवेशाच्या दृष्टीने खरा विचार करायचा तो अकरावीनंतरच्या कार्यक्रमांचा.

२. नागरिकत्व आणि नाव : आपली कुटुंबे येथेच अडतात

अकादमीत प्रवेश घेणारा विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. काही मित्रदेशांचे मोजके विद्यार्थी त्यांच्या सरकारांमार्फत येतात, पण तो मार्ग येथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी नाही. ग्रीन कार्ड पुरत नाही, नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा एच-४ व्हिसा तर नाहीच. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा प्रश्न सहसा येत नाही. भारतात जन्मून लहानपणी येथे आलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र नीट पाहावे लागते. मूल ग्रीन कार्डधारक असेल, अठरा वर्षांच्या आत असेल आणि नागरिकत्व मिळालेल्या आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात त्यांच्याबरोबर येथेच राहत असेल, तर पालकाच्या नागरिकत्वाबरोबर त्यालाही कायद्याने नागरिकत्व मिळते. तरीही त्याचा पुरावा हातात लागतोच, म्हणून अमेरिकी पासपोर्ट किंवा एन-६०० अर्जाने मिळणारे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ज्यांचे ग्रीन कार्डच अनेक वर्षांच्या रांगेत अडकले आहे, त्यांच्या मुलांना ही वाट सध्या बंद आहे. हे कठोर वाटले तरी मुलाला नववी-दहावीतच स्पष्ट सांगावे. अकरावीच्या जानेवारीत ते कळणे अधिक क्लेशदायक असते.

इतर अटी सोप्या आहेत. प्रवेशाच्या वर्षी १ जुलै रोजी वय किमान १७ असावे आणि तेवीस पूर्ण झालेली नसावीत, उमेदवार अविवाहित असावा आणि त्याच्यावर कोणाच्या पालनपोषणाची कायदेशीर जबाबदारी नसावी. तटरक्षक दलाच्या आणि किंग्ज पॉइंटच्या अकादमीची कमाल वयोमर्यादा वेगळी असू शकते, ती तेथे पाहावी.

आता नावाचा प्रश्न. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी पद्धत असल्यामुळे एकाच मुलाची नावे वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी उमटतात. पासपोर्टवर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून असते, शाळेच्या नोंदीत ते नसते, सोशल सिक्युरिटी कार्डावर फक्त आद्याक्षर असते आणि एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या नोंदणीत मुलाने घरचे लाडके नाव घातलेले असते. अकादमीची प्रणाली परीक्षेचे गुण, गुणपत्रक आणि अर्ज हे नाव, जन्मतारीख आणि क्रमांक यांवरून जुळवते. जुळले नाही, तर फाइल अपूर्ण दिसत राहते आणि त्याचे कारण कोणी आपणहून कळवीलच असे नाही. अर्ज सुरू करण्यापूर्वी सर्व कागद टेबलावर मांडून सोशल सिक्युरिटी कार्डावरचे नाव प्रमाण धरावे आणि शाळेची नोंद व परीक्षेचे खाते त्यानुसार दुरुस्त करून घ्यावे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्याजाण्यासाठी मिळणाऱ्या ओसीआय कार्डाबद्दलही येथेच लिहितो. भारत सरकारच्या नियमांनुसार परदेशी सैन्यातील सेवारत किंवा निवृत्त व्यक्ती ओसीआय कार्डाला पात्र नसते. उन्हाळी कार्यक्रमाला जाणारा विद्यार्थी सैनिक नसल्यामुळे आठवड्याच्या भेटीने काही बिघडत नाही. परंतु पुढे प्रत्यक्ष प्रवेश घेतल्यास भारतात येण्याजाण्याचा विचार वेगळा करावा लागेल, हे आजीआजोबांसह सर्वांना ठाऊक असलेले बरे. भारतात नातेवाईक असणे ही अपात्रता नाही. पुढील सुरक्षा चौकशीत त्यांची माहिती विचारली जाते आणि ती सरळ द्यायची असते.

३. वेळापत्रक दहावीच्या अखेरीस आखा

या कार्यक्रमांचे अर्ज साधारणपणे अकरावीच्या डिसेंबर ते एप्रिल या काळात भरले जातात आणि कार्यक्रम मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत होतात. प्रत्येक अकादमीची मुदत वेगळी असते. हवाई दलाची बहुतेक वर्षी लवकर संपते, नौदलाची जानेवारी ते मार्च अशी असते आणि तटरक्षक दलाची त्यानंतर थोडी पुढे जाते. या सर्व तारखा नाताळच्या सुट्टीपूर्वी एका कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.

अर्जात पीएसएटी, एसएटी किंवा एसीटी यांपैकी एखाद्या परीक्षेचे गुण लागतात. अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये शाळेत होणारी पीएसएटी गांभीर्याने दिली, तर अर्जाच्या वेळी निदान एक आकडा हातात असतो. त्याचबरोबर गणितात कॅल्क्युलसकडे नेणारा क्रम, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय घेतलेले असावेत.

भारतवारीची तिकिटे मात्र निकाल लागेपर्यंत काढू नका. जूनमध्ये मामाकडे लग्न आणि त्याच आठवड्यात ॲनापोलिसचे सत्र, अशी अडचण पुष्कळ घरांत येते. सत्रे एकाहून अधिक असतात आणि अर्जात पसंतीक्रम विचारतात, पण निवडीनंतर सत्र बदलून मिळेलच असे धरून चालू नये.

४. कागदपत्रे आणि माहिती

अर्जाला बसण्यापूर्वी पुढील गोष्टी एका जागी ठेवाव्यात :

— सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि नागरिकत्वाचा पुरावा
— नववीपासूनचे गुणपत्रक. नववी भारतात झाली असल्यास तेथील गुणपत्रक आणि त्याचे शाळेने मान्य केलेले रूपांतर
— वर्गातील क्रमांक, किंवा शाळा क्रमांक देत नसल्यास काउन्सेलरचे (शाळेतील मार्गदर्शकाचे) तसे पत्र
— परीक्षांचे गुण
— खेळ, क्लब, नोकरी आणि सेवाकार्य यांची वर्षनिहाय यादी, जबाबदारीच्या पदांसह
— काउन्सेलर आणि शिक्षक यांचे ईमेल पत्ते
— निवड झाल्यावर लागणारे आरोग्यपत्रक, लसीकरणाची नोंद आणि विमा कार्डाची प्रत

लसीकरणाच्या भारतातील नोंदी पिवळ्या पडलेल्या कार्डावर असतील, तर त्या स्थानिक डॉक्टरांकडून येथील नमुन्यात उतरवून घ्याव्यात. भारतात जन्मलेल्या मुलांना बीसीजीची लस दिलेली असते आणि तिच्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी खोटी सकारात्मक येऊ शकते. अशी चाचणी मागितलीच, तर डॉक्टरांना रक्तचाचणीबद्दल विचारावे.

५. अर्ज मुलानेच भरावा

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्यापैकी अनेकजण मुलांचे अर्ज स्वतः भरतात, काउन्सेलरला स्वतः पत्र लिहितात आणि चौकशीचे फोनही स्वतःच करतात. अकादमीच्या प्रवेश कार्यालयाला उमेदवाराशी बोलायचे असते. आईवडिलांच्या ईमेल पत्त्यावरून आलेला, नोकरीच्या अर्जासारखा नेटका मजकूर पाहिला की तो कोणी लिहिला हे वाचणाऱ्याला कळते. पालकांनी तारखांची आठवण करावी, कागद शोधून द्यावेत, पैसे भरावेत आणि तेथेच थांबावे.

खाते उघडताना शाळेचा ईमेल पत्ता देऊ नये. अनेक शाळांच्या यंत्रणा बाहेरून आलेली पत्रे अडवतात आणि उन्हाळ्यात तर मुले ती पेटी उघडतही नाहीत. वैयक्तिक पत्ता द्यावा, तो गमतीशीर नसावा आणि रोज पाहावा.

उपक्रमांच्या यादीत आपली मुले स्वतःचे बरेच काही वगळतात, असे माझे निरीक्षण आहे. रविवारच्या मराठी शाळेत धाकट्या वर्गाला शिकवणे, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकाचा सराव घेणे, स्वयंसेवकांची पाळी लावणे ही जबाबदारीची कामे आहेत, पण घरचीच म्हणून ती लिहिली जात नाहीत. ती लिहावीत आणि वाचणाऱ्याला आपल्या संस्थांची ओळख नाही हे लक्षात ठेवून नेमके काम सांगावे : किती मुले, किती महिने, कोणता निर्णय स्वतः घेतला. उलट पक्षी, केवळ गुण आणि रोबोटिक्स यांवर अर्ज उभा असेल, तर तो अपुरा पडू शकतो. सांघिक खेळ किंवा निदान नियमित शारीरिक कष्टाचा एखादा उपक्रम असलेला बरा. क्रॉस कंट्री धावण्याच्या संघात अनेक शाळा निवडचाचणी घेत नाहीत, त्यामुळे उशिरा सुरुवात करणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

निबंधात देशसेवेची मोठी वाक्ये टाळावीत. हे दल का, हीच अकादमी का आणि अधिकारी म्हणून माणसांची जबाबदारी का घ्यावीशी वाटते, याची साधी उत्तरे पुरेशी असतात. उन्हाळी कार्यक्रम घेणाऱ्या चारही अकादमींना एकच निबंध नाव बदलून पाठवण्याचा मोह होतो. एखाद्या ठिकाणी जुने नाव तसेच राहते आणि सगळा अर्ज हास्यास्पद ठरतो.

एक उपयोगी गोष्ट : नौदल अकादमीच्या समर सेमिनारचा अर्ज हाच प्रवेशाचा प्राथमिक अर्जही मानला जातो. त्यामुळे सेमिनारला जाण्याची खात्री नसली, तरी तो भरण्यात फायदा आहे.

निवड झाल्यावर काहीशे डॉलर शुल्क आणि प्रवासखर्च कुटुंबाला करावा लागतो. अडचण असेल, तर सवलतीची चौकशी मुलाने प्रवेश कार्यालयाकडे निःसंकोच करावी. घरी टपालाने येणाऱ्या चकचकीत निमंत्रणांपासून मात्र सावध राहावे. नेतृत्व शिबिरांच्या नावाखाली हजारो डॉलर घेणाऱ्या खासगी कंपन्या मुलाची निवड झाल्याचे मानपत्रासारखे पत्र पाठवतात आणि त्यांचा अकादमीच्या प्रवेशाशी काहीही संबंध नसतो. अर्जाची वाट नेहमी अकादमीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच शोधावी.

६. शरीराची तयारी

भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या अकादमींच्या प्रवेशासाठीच्या शारीरिक चाचणीत सहा प्रकार असतात : गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकणे, पुल-अप, शटल रन (थोड्या अंतरात वेगाने ये-जा करत धावणे), क्रंच (पोटाचा व्यायाम), पुश-अप आणि एक मैल धावणे. ते एकामागोमाग एक, थोड्याच विश्रांतीने करायचे असतात. सुटे सुटे जमणारे मूल सलग करताना दमते. मुलींना पुल-अपऐवजी दांड्याला हात दुमडून लटकण्याचा पर्याय मिळतो, तरी एखादा पुल-अप जमवण्याचा प्रयत्न करावा. काही उन्हाळी कार्यक्रमांत ही चाचणी तेथेच घेतली जाते. म्हणून फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन दिवस सराव ठेवला, तर जूनपर्यंत शरीर तयार होते.

हवाई दलाची अकादमी समुद्रसपाटीपासून ७,२५८ फूट उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही बरीच उंच. न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये सहज धावणाऱ्या मुलाला तेथे पहिल्या दिवशी धाप लागते. शक्य असल्यास एक-दोन दिवस आधी पोहोचावे आणि पाणी भरपूर प्यावे.

दम्याचा इतिहास असेल, विशेषतः वयाच्या तेराव्या वाढदिवसानंतरचा, तर प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत तो अडचणीचा ठरतो, पण सवलतीची तरतूद असते. तो लपवणे हा मात्र चारित्र्याचा प्रश्न होतो. सर्दीच्या दिवसांत डॉक्टरांनी सहज लिहून दिलेला इनहेलर जुन्या नोंदीत दमा म्हणून बसलेला असू शकतो. त्या नोंदी आधीच मागवून वाचाव्यात.

७. कॅम्पस भेट

उन्हाळी कार्यक्रम मिळो वा न मिळो, कॅम्पस भेट करावीच, आणि जमल्यास अर्जापूर्वी करावी. येथे एक फरक लक्षात घ्या. पर्यटकांसाठीची तिकीट काढून होणारी फेरी वेगळी आणि प्रवेश कार्यालयाचे माहितीसत्र वेगळे. वेस्ट पॉइंटला बसमधून दोन तास इतिहास ऐकून परतलेल्या अनेक कुटुंबांना आपण प्रवेशाबद्दल काहीच विचारले नाही, हे घरी आल्यावर लक्षात येते. माहितीसत्राची नोंदणी प्रवेश कार्यालयाच्या पानावरून आधी करावी.

हे कॅम्पस लष्करी तळ असल्यामुळे ओळखपत्राशिवाय आत जाता येत नाही. प्रौढांनी रिअल आयडी या संघराज्य सरकारच्या मानकाचा वाहन परवाना किंवा पासपोर्ट न्यावा. वेस्ट पॉइंटला हायलंड फॉल्स गावातील अभ्यागत केंद्रात तपासणी होते. गर्दीच्या दिवशी तेथे वेळ जातो, म्हणून सत्राच्या तासभर आधी पोहोचावे. ॲनापोलिसला सर्वसाधारण अभ्यागतांना गाडी आत नेता येत नाही. ती गावात ठेवून चालत पहिल्या दरवाजाने जावे लागते. भारतातून आलेले आजीआजोबा बरोबर असतील, तर त्यांचे मूळ पासपोर्ट न्यावेत, फोनमधील छायाचित्र चालत नाही. आणि परदेशी नागरिकांसाठी त्या वेळी कोणते नियम लागू आहेत, याची चौकशी आदल्या आठवड्यात करावी.

ॲनापोलिसची भेट अकादमीच्या चालू सत्रातील कामाच्या दिवशी ठेवली, तर हवामान ठीक असताना दुपारच्या जेवणापूर्वीची मिडशिपमनची, म्हणजे तेथील विद्यार्थ्यांची, हजेरी पाहता येते. त्याहून मोलाचे म्हणजे कॅडेटशी पालकांच्या अनुपस्थितीत झालेले बोलणे. मुलाला दहा मिनिटे एकटे सोडावे आणि आपण बाकावर बसावे. त्याने विचारावे असे काही प्रश्न : पहिल्या वर्षी झोप किती मिळते, अभ्यासात मागे पडल्यास मदत कोण करते, सोडून गेलेल्यांनी का सोडले. माहितीसत्रात या प्रश्नांची उत्तरे इतकी मोकळी मिळत नाहीत.

बारावीत, अर्ज पुरेसा पुढे गेल्यावर, काही अकादमी उमेदवारांना कॅडेटबरोबर वर्गात बसण्याची किंवा एक रात्र राहण्याची संधी देतात. बोलावणे आले, तर शाळेचे दोन दिवस बुडाले तरी ते घ्यावे.

८. त्या आठवड्यात

बूट नवे घेऊ नका. घेतलेच, तर महिनाभर वापरून मऊ करा, अन्यथा दुसऱ्या दिवशी पायांना फोड येतात. शाकाहारी असल्यास अर्जातील आहाराच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहावे आणि प्रथिनांची सोय म्हणून चालत असल्यास अंडी खाण्याची सवय आधीच करावी. दिवस पहाटे सुरू होतो, फोन मोजकाच हाती येतो, कॅडेट मोठ्या आवाजात सूचना देतात. त्या आवाजात राग नसतो, हे मुलाला आधी सांगून ठेवावे. पालकांनी रोज फोनची वाट पाहू नये.

परतल्यावर मूल म्हणाले की हे मला नको, तर तो आठवडा वाया गेला असे मानू नये. उलट पाच वर्षांच्या सेवाबंधनाआधी कळलेली ही गोष्ट शुल्काच्या मानाने फार स्वस्त पडली, असे मी म्हणेन.

९. निवड झाली नाही, किंवा झाली, तरी पुढे

उन्हाळी कार्यक्रमात निवड न झालेले अनेक विद्यार्थी पुढे अकादमीत जातात, आणि कार्यक्रम करून आलेल्यांना प्रवेशाची हमी नसते. त्यामुळे नकार आला, तरी मुख्य अर्ज चालू ठेवावा.

तटरक्षक दलाची अकादमी सोडून इतर चारही ठिकाणी नामांकन लागते. ते आपल्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर यांच्याकडे मागायचे असते. किंग्ज पॉइंट वगळता उरलेल्या तिन्हींसाठी उपराष्ट्राध्यक्षांकडेही अर्ज करता येतो. या तिन्हींपैकी प्रत्येक अकादमीत एका प्रतिनिधीचे किंवा सिनेटरचे एका वेळी पाचच विद्यार्थी असू शकतात, म्हणून पात्र असलेल्या सर्व ठिकाणी अर्ज करावा. प्रत्येक कार्यालयाचा अर्ज वेगळा, मुदत वेगळी आणि ती बहुधा बारावीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात संपते. अनेक प्रतिनिधी वसंत ऋतूत अकादमींची माहिती देणारा दिवस आयोजित करतात. अकरावीतच त्याला जाऊन यावे. नोकरीमुळे त्या उन्हाळ्यात घर बदलत असाल, तर मतदारसंघही बदलू शकतो. अशा वेळी नव्या पत्त्याच्या प्रतिनिधीचे कार्यालय शोधून, कायम रहिवासाचा कोणता पुरावा चालेल हे मुलाने तेथे फोन करून विचारावे आणि अकादमीच्या खात्यातील पत्ताही त्याच दिवशी बदलावा.